विलायती वाफा आणि माझा पट्टा

बागेत वीस वर्षं पाला झाडला. पाला खड्ड्यात टाकला की संपतो, किस्से काय संपत न्हाईत. एक सांगाय बसलो की दुसरा येऊन उभा ऱ्हातोय. नातवंडं म्हणतात, आजोबा, लिवून काढा. मी तिसरीतनं शाळा सोडलेला माणूस. जमंल तसं लिवतो. चुका काढणाऱ्यानं वाचू नये.

महाराजांच्या अमदानीतली गोष्ट. मी कोल्हापुरात गावच्या बागेत गेटवर पट्टेवाला. अंगावर पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. घरात खाणारी तोंडं सात, आणि ती सातही त्या बिल्ल्यावर जगायची.

बागेवर नवीन ओव्हरसियर आले. त्यांना आम्ही रावसाहेब म्हणायचो. त्यांनी विलायतेतनं फुलांचं बी मागवलं आणि गेटासमोरच्या मोठ्या वाफ्यात पेरलं. एक बडा गोरा साहेब मडमेला घेऊन बाग बघाय येणार होता. रावसाहेब मला म्हणाले, "साहेब येऊन जाईपर्यंत या वाफ्यातलं एक जरी रोप दुखावलं, तर पट्टा काढून टेबलावर ठेवायचा!"

त्या दिवसापासनं जेवण गोड लागंना. विसाच्या पुढं मोजताना मी चुकतो. सकाळी वीस रोपं मोजायची, एक खडा ठेवायचा, परत वीस मोजायची. एखादा खडा कमी भरला की परत पहिल्यापासनं!

---

तवा लोकांना बाग म्हंजे काय हेच कळायचं न्हाय. एकदा गारगोटीकडचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला. डोक्यावर भाकरीचं गठुडं. मला विचारतोय, "पावणं, हितं दर्शन कशाचं?"

"कशाचं न्हाय. नुसतं फिरायचं."

"आणि फिरून?"

"घरला जायाचं."

"मग घरातनं निघायचं कशाला?"

तवर त्याच्या बायकोनं कारंज्याच्या दगडी सिंहाला हळदकुंकू लावलं, आणि ह्यानं नारळ फोडला. कशावर? विलायती वाफ्याच्या काठाच्या दगडावर! करवंटीचा तुकडा उडाला तो थेट रोपांच्या मधोमध. मी धोतर खोचून, चवड्यावर, श्वास कोंडून आत गेलो आणि तुकडा उचलून आणला. बाई म्हणाली, "बघा, देवाचा माणूस कसा सोवळ्यानं चालतोय!" आणि माझ्या हातावर खोबरं ठेवलं.

खोबरं खाल्लं. आणि परत रोपं मोजाय बसलो.

---

बाकावर रोज एक पेन्शनर नाना बसायचे. जुने कारकून. शिकलेला माणूस म्हणून त्यांना विचारलं, "नाना, साहेब यायच्या आधी फूल येईल का?"

"येईल की."

त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी नाना म्हणाले, "येणार नाही."

"काल व्हय म्हणालासा!"

"काल मी ते रोप बघितलं नव्हतं."

---

ऊन तापाय लागलं. रोपं माना टाकाय लागली. मी डोक्याचा पटका सोडला आणि काठ्या रोवून वाफ्यावर पसरला. एवढ्यात रावसाहेब आले.

"बोडका का उभा आहेस?"

"रावसाहेब, रोपांना ऊन लागतंय."

"सरकारी नोकरानं बोडकं राहू नये! पटका बांध!"

बांधला. ते गेल्यावर परत सोडला. दिवसभर एक डोळा त्यांच्या ऑफिसाच्या दाराकडं आणि एक वाफ्याकडं. मान अशी आखडली की आठ दिवस बायको तेल चोळत होती. वर म्हणायची, "कुणाकडं बघत हुता ओ एवढं?"

---

सकाळी तालमीतनं सुटलेले पैलवान गेटापाशी म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचे. गवळी म्हस दारात आणायचा, तिथंच धार काढायची, फेसासकट चरवी तोंडाला. एक दिवस म्हशीनं दावं तोडलं आणि ती बागेत शिरली. थेट वाफ्याकडं! मी शेपूट धरलं. तिनं मला तसंच ओढत न्हेलं.

आमचा पखालवाला हुसेनभाई पाणी घालत होता. त्यानं आपल्या रेड्यावरची कातड्याची पखाल सोडली आणि सगळं पाणी वाटंवर ओतलं. म्हशीला चिखल दिसला. वळली, आणि बसली की त्यात! वाफा वाचला. पर म्हस उठंना. गवळ्यानं हाकललं, पैलवानांनी ढकललं, ती डोळं मिटून रवंथ करतीया.

रावसाहेब आले. "ही म्हैस इथं भर रस्त्यात का?"

हुसेनभाई अदबीनं म्हणाला, "हुजूर, वाफ्यात न्हाय ना!"

---

साहेब यायला एक दिवस उरला. रोपं बोटभर, फुलाचा पत्ता न्हाय. रावसाहेब माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले. म्हणाले, "निदान कोणी आत पाय तरी ठेवू नये, असा बोर्ड लिहून आण."

पेंटरकडं जाता जाता मी डोकं चालवलं. आपल्या माणसाला नको म्हटलं की तो हमखास करतोय. पर जोडे काढा म्हटलं तर कंटाळतोय! फुलं बघायसाठी कोण जोडे काढतंय? म्हणून लिवून घेतलं, "जोडे घालून आत येऊ नये." संध्याकाळी बोर्ड रोवला. रावसाहेब घरी गेलेले.

सकाळी मी गेट उघडून कारंजं घासत होतो. मागनं धप्प आवाज आला. बघतोय तर वाफ्याच्या काठाला जोड्यांची रांग, आणि आत लंगोट लावलेली दोन पैलवान पोरं झोंबलेली!

काठावर त्यांच्या तालमीचा बापू वस्ताद उभा. मी बोंबललो, "वस्ताद! हे काय केलासा?"

"काय केलं? जोडे काढा म्हणतोयस, काढलं. माती मोकळी केलीयास, तांबडी. महाराजांनी नवा आखाडा दिला म्हणून पोरं खूश हाईत. गवत तेवढं माजलंतं, ते उपटून टाकलं."

"गवत? गवत न्हवं ते, माझ्या पोराबाळांची भाकरी हाय!"

वस्तादाचा चेहरा उतरला. त्यानं पोरांचं कान धरून त्यांना बाहेर काढलं. अर्धा वाफा साफ झालता, अर्धा अजून हिरवा होता. सगळ्यांनी मिळून हातानं माती सारखी केली. हुसेनभाईनं पाणी मारलं. रावसाहेब आले, बघून मटकन बाकावर बसले. तवर साहेबाची बग्गी गेटात!

साहेब उतरला, मडम उतरली. फिरत फिरत वाफ्यापाशी आले. साहेबानं बोर्डाकडं छडी दाखवून कायतरी विचारलं. रावसाहेबांनी तवा पहिल्यांदा बोर्ड वाचला. पांढरेफटक पडले. खोटं सांगायचं धाडस न्हाय. बोर्डावर लिवलंतं तेच इंग्रजीत सांगितलं.

साहेबानं मान हलवली. टोपी काढून मडमेच्या हातात दिली, बाकावर बसला, आणि बुटाची नाडी सोडाय लागला.

रावसाहेब माझ्या कानात म्हणाले, "अरे, नको म्हण त्यांना! राहिलेला अर्धाही जाईल!"

"मला कुठं इंग्रजी येतंय? तुम्ही म्हणा की!"

"मी कसा म्हणू?"

कुंपणापलीकडनं वस्ताद पोरांना म्हणतोय, "बघा रं, बघा! गोरा असून मातीचा मान कसा राखतोय!"

एक बूट निघाला. दुसऱ्याच्या नाडीला गाठ बसली. साहेबानं वर बघितलं, ते माझ्याकडं. मी रावसाहेबांकडं बघितलं. त्यांनी डोळं मिटून घेतलं.

मी खाली बसलो आणि साहेबाच्या बुटाची गाठ सोडाय लागलो.