मनकर्णाचं घमेलं

हळद वाळली की नाही, हे विचारायला हिंगोलीकडच्या गोरेगावातली माणसं मनकर्णाकडे येत. तिची रीत साधी होती. शिजवलेली हळद ताडपत्रीवर पसरली की त्यातली घमेलंभर वेगळी काढायची, बाकीच्या हळदीबरोबर उन्हात ठेवायची आणि रोज दुपारी काट्यावर तोलायची. पहिल्या दिवशी वजन भराभर उतरतं, मग कमी, मग आणखी कमी. उतरणं थांबलं की हळद तयार. वीस वर्षांत तिचा अंदाज चुकला नव्हता.

त्याच काट्यावर बायका गमतीनं स्वतःही चढायच्या. गेल्या साली हळदीच्या वेळी मनकर्णा पन्नास किलो भरली होती. दिवाळीत सोयाबीन मोजताना पंचेचाळीस. परवा अंगणात कुणी नसताना ती पुन्हा चढली. साडेचाळीस. गावातल्या आशाताईनं दिवाळीतच बजावलं होतं, हिंगोलीला दवाखान्यात दाखवून ये. मनकर्णानं ब्लाउजला दोन्ही बाजूंनी टिपा मारल्या आणि गप्प बसली. आधी पाच किलो गेले, आता साडेचार. उतरणं कमी होतंय, म्हणजे थांबेल. हळदीनं तिला एवढं तर शिकवलं होतं.

आज दुपारी तिची नववीतली लेक प्रतिक्षा दारातल्या सावलीत गणितं सोडवत बसली होती.

"आई, पुस्तकात उत्तर चुकीचं छापलंय."

"वाच."

"एक धूमकेतू सूर्याभोवती दर फेरीला आपल्या वस्तुमानाचा दहावा हिस्सा गमावतो. किती फेऱ्यांनी तो निम्म्यापेक्षा कमी उरेल? शंभर धरले तर दर फेरीला दहा जातात. पाच फेऱ्यांत निम्मा, सहाव्या फेरीला कमी. इथं सात छापलेत."

"दर फेरीला दहाच कसे?" हळद वरखाली करत मनकर्णा म्हणाली. "घमेल्यातून रोज सारखंच उतरतं काय? जे उरलं त्याचा दहावा काढ. सातवी शिकलेल्या बाईला कळतं, अन् तू नववीत."

"मंग तूच बस परीक्षेला." प्रतिक्षानं पेन चालवलं. शंभर, नव्वद, एक्याऐंशी. "बराबर आहे. सातच."

मनकर्णाचा हात हळदीतच थांबला. नव्वदातून नऊ. आकडा लहान झाला होता, हिस्सा तोच होता.

"पन्नास धरून कर बरं."

"काहून? उत्तर तेच येतं."

"कर म्हणलं ना."

"पन्नास. पंचेचाळीस. साडेचाळीस."

"अन् पुढं?"

"साडेछत्तीसच्या जरा खाली."

"हे थांबतं कवा?"

"न्हाई थांबत. तो काय हळद आहे, पाणी संपलं की झालं? दर खेपेला दहावा जातोच."

मनकर्णा उठली. पिवळे हात पदराला पुसायचंही तिला सुचलं नाही.

तेवढ्यात रिकामी पोती खांद्यावर घेऊन तिचा नवरा वैजनाथ आला. "उद्या हळद घासायला पॉलिशवाला येऊन राहिला. तुझं घमेलं काय म्हणतं?"

"इकडं या." ती काट्यावर उभी राहिली. "वाचा."

वैजनाथ हसला. "आता तू बी वाळायला बसली काय?" मग वाकून त्यानं आकडा वाचला आणि सरळ उभा राहिला. "चाळीस किलो दोनशे. काटा बिघडला असंल."

ती उतरली आणि घमेलं चढवलं. काल भरलं होतं तेवढंच आजही भरलं, ग्रॅमभर इकडंतिकडं नाही.

"काटा बराबर आहे," ती म्हणाली. "गेल्या साली मी पन्नास होते. दिवाळीत पंचेचाळीस. तुमाला सांगितलं न्हाई. मला वाटलं, थांबंल."

वैजनाथच्या खांद्यावरची पोती खाली घसरली. प्रतिक्षा वहीतल्या तीन आकड्यांकडे बघत राहिली.

"पॉलिशवाल्याला परवाचं सांगा," मनकर्णा म्हणाली. "उद्या सकाळच्या जीपनं मला हिंगोलीला न्या."

वैजनाथनं फोन काढला. हळदीच्या दिवसांत रोज लागणारा पॉलिशवाल्याचा नंबर त्याला लवकर सापडेना.