शेळ्यांनी केबल खाल्ली नव्हती

“सर, तुम्हाला खरंच हे दात वाटतात?”

निलोफरने केबलचा तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. वरच्या काळ्या आवरणावर समोरासमोर खड्डे उठले होते. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. मी तुकडा हातातही न घेता म्हणालो, “शेळी. दुसरं काय असणार? त्या गाडीतून शेळ्याच नेतात.”

“म्हणजे रिपोर्टमध्ये तसंच लिहिणार?”

“लिहिलं. पाठवलं पण.”

आमच्या धंद्यातल्या बऱ्याच लोकांना ही गोष्ट ठाऊक आहे. सेमिनारमध्ये चहाच्या वेळी कोणीतरी ती सांगतंच. साताऱ्यातल्या एका कंपनीची केबल शेळ्यांनी खाल्ली, मग तिथल्या म्हाताऱ्या डिझायनरने शेळीलाही न तुटणारी केबल बनवली. तो म्हातारा म्हणजे मी. लोक हसतात, मीही हसत आलो. पण शेळ्यांनी केबल खाल्ली नव्हती, आणि ती केबल मी बनवलेली नाही. आता हे नीट लिहून ठेवायला हवं. उशीर तर झालाच आहे.

आधी केबलविषयी थोडं सांगतो. साध्या वायरचं काम सोपं असतं. हॉर्नची वायर घ्या. आतलं तांबं अखंड असलं की हॉर्न वाजतो. गाडीच्या मागच्या कॅमेऱ्याची डेटा केबल एवढ्यावर भागत नाही. तिच्यातून चित्र प्रचंड वेगाने धावत येतं, आणि त्या वेगाला तांब्याइतकाच केबलचा आकार महत्त्वाचा असतो. आत एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा. त्यांच्यावर अ‍ॅल्युमिनियमची कागदासारखी पातळ फॉइल. तिच्यावर तांब्याची विणलेली जाळी. सगळ्यात वर काळं आवरण. तारा आणि फॉइल यांच्यातलं अंतर शेवटपर्यंत सारखं राहावं लागतं. एका जागी जरी ते बिघडलं तरी सिग्नलचा काही भाग तिथूनच माघारी फिरतो, विहिरीत हाक मारल्यावर आवाज परत येतो तसा. पडद्यावरचं चित्र अडखळतं. मीटर लावलंत तर मात्र ते तार अखंडच दाखवतं.

ही केबल निलोफर मुजावरने डिझाइन केली होती. ती मलकापूरची. आमच्याकडे बॅटरीच्या जाड केबलवर काम करत होती, तिथून मीच तिला डेटा केबलवर घेतलं. तिचं हे पहिलं स्वतंत्र काम. एका गाडी कंपनीने ही केबल बसवून काही गाड्या ट्रायलसाठी लोकांकडे दिल्या होत्या. बाकी गाड्यांतून तक्रार नव्हती. आटपाडीच्या पलीकडे बिरा मेटकरी नावाच्या माणसाकडे एक गाडी होती. तिथल्या पडद्यावरचं चित्र मधेच गोठायचं. गाडी कंपनीने त्या गाडीत तशीच दुसरी केबल बसवली आणि काढलेल्या केबलचा तुकडा आमच्याकडे पाठवला.

प्लांट हेड निकम साहेबांनी मला सरळ सांगितलं होतं, “सर, केबल फेल निघाली तर हे काम पुण्याच्या टीमकडे जाईल आणि निलोफर परत बॅटरीला. बघा काय ते.” मी तुकडा पाहिला, खड्डे पाहिले, गाडी शेळ्यांची आहे हे ऐकलं, आणि ‘प्राण्याने चावल्याने नुकसान’ असं लिहून मोकळा झालो. निकम खूश, गाडी कंपनीचे लोक खूश. निलोफरची केबल वाचली म्हणून मीही खूश.

ती मात्र माझ्यासमोर उभीच होती.

“शेळीच्या नावावर पास झालेली केबल मला नको, सर. मी तिकडे जाऊन येते.”

“एवढ्या लांब? कशाला?”

“मग तुम्ही पण चला.”

गेलो. बिराचं घर माळावर होतं. हा चाळिशीचा उंच गडी. मेंढरं राखायचं काम वडलांपर्यंत चाललं. हा थोडी शेती करायचा, वडाप करायचा, म्हणजे सीट भरली की सुटणारी प्रवासी गाडी. बाजाराच्या दिवशी सीट काढून त्याच गाडीतून शेळ्या न्यायचा.

“या सायेब,” त्याने दारातूनच हाक मारली. “शेळ्यांचा जबाब घ्यायला आलासा न्हवं?”

गाडी कंपनीच्या माणसाने त्याला फोनवर कारण सांगून टाकलं होतं.

“समदं गाव इचारतंय, बिरा, आज काय खाल्लं रं तुझ्या शेळ्यांनी, टायर का ष्टेरिंग? वडापला बसणारी बाया-मानसं पिशव्या मांडीवर घेऊन बसत्यात. म्हनं शेळीवाल्याची गाडी हाय, हितं काय बी खात्यात.”

निलोफरला हसू आवरेना. तिने त्याला केबलचा तुकडा दाखवला. बिराने तो उलटासुलटा करून बघितला, दावणीची एक शेळी ओढली आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड उघडलं.

“ह्ये बघा. खाली दात हाईत. वर पुढं काय हाय? नुसती हिरडी. मग वरनं ह्यो खड्डा कुणी पाडला?”

निलोफर वाकून बघू लागली. मीही वाकलो. जणू पहिल्यांदाच बघतो आहे, असा चेहरा केला.

खरी गोष्ट अशी आहे. माझं बालपण कोरेगावात गेलं. आमच्या दारात शेळ्या असायच्या आणि त्यांना पाला मीच घालायचो. शेळीला वरचे पुढचे दात नसतात हे मला तेव्हापासून माहीत होतं. रिपोर्ट लिहितानाही माहीत होतं. मला चटकन एक कारण हवं होतं, आणि शेळी काही उलट उत्तर देणार नव्हती.

“आवं, दाताचं ऱ्हाऊ द्या,” बिरा म्हणाला. “त्यो पडदा माझ्याशी खोटं बोलला, त्याचं बोला. मी अंगणात गाडी मागं घेतोय. पडद्यात अंगण मोकळं. आन् मागं आमचं आप्पा.”

आप्पा म्हणजे त्याचे वडील. ओसरीवर बसले होते. त्यांनी काठी उचलून दाखवली.

“म्या ही हाणली गाडीवर म्हून थांबला. न्हाईतर तुमी आज माझ्या तेराव्याला आला असतासा.”

पडदा काळा झाला तर माणूस मान वळवून मागे बघतो. गोठलेलं चित्र जास्त वाईट. ते मघाचं मोकळं अंगण दाखवत राहतं आणि ड्रायव्हर विश्वास ठेवतो. हे मला अर्थातच ठाऊक होतं. रिपोर्टमध्ये त्याबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती.

निलोफर म्हणाली, “दादा, बाजाराला जाताना शेळ्या कशा भरता, ते दाखवाल?”

बिराने सीट काढली, शेळ्या आत ढकलल्या, जाळी लावली. मग वर उघडणारा मागचा दरवाजा हातभर उघडा ठेवून त्याने तो दोरीने घट्ट बांधला.

“दरवाजा बांधता का?” मी विचारलं.

“मग? वारं नगं व्हय त्यास्नी? गुदमरून मरत्याल. हिकडं समदी असंच नेत्यात.”

मी निलोफरकडे बघितलं. ती आधीच बिजागरीपाशी पोचली होती. गाडीच्या छतातून दरवाजात केबल जाते तिथे रबरी नळी असते. तिने ती सरकवली.

“सर, इथं हात घाला.”

घातला. दरवाजा पूर्ण बंद असला की केबल मोकळी असायची. पूर्ण उघडला तरी मोकळी. बरोबर या हातभर उघड्या अवस्थेत ती वाकून एका प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये दाबली जात होती. क्लिपला पकडीसाठी दाते होते. वर दोन, खाली दोन.

आम्ही लॅबमध्ये दरवाजा हजारो वेळा उघडून मिटला होता. पूर्ण उघडा, पूर्ण बंद. अर्धा उघडा बांधून खडबडीत रस्त्यावर हादरे देत न्यायचा, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

निघताना निलोफरने बिराकडून ती दोरी मागून घेतली. परतीच्या वाटेवर ती दोरी गुंडाळत बसली होती. मग म्हणाली, “सर, कोरेगावला तुमच्याकडे शेळ्या होत्या ना? तुम्हीच एकदा सांगितलं होतं.”

“होत्या,” मी म्हणालो.

तिने गुंडाळलेली दोरी पिशवीत टाकली. खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी निलोफरसमोरच मी निकमांना म्हणालो, “रिपोर्ट चुकला आहे.”

“सर, केस क्लोज झालीय. शेळी सगळ्यांना पटलीय. कस्टमर हसतोय, आपण हसतोय. कशाला उकरायचं?”

“त्या गाडीखाली एक म्हातारा माणूस आला असता.”

निकमांचा चेहरा उतरला. “म्हणजे केबलच खराब, असं लेखी देणार? मग हिचं काय?”

निलोफर म्हणाली, “बॅटरीला पाठवा साहेब, जाईन. पण आधी मला शेकर द्या.”

शेकर म्हणजे रस्त्यासारखे हादरे देणारं टेबल. आम्ही गाडीचा अख्खा दरवाजा त्यावर चढवला, जुनी केबल बसवली आणि बिराच्या दोरीने दरवाजा हातभर उघडा बांधला. कॅमेरा भिंतीवरच्या घड्याळाकडे वळवला. चित्र गोठलं तर कळावं म्हणून. शेकर सुरू केला आणि वाट बघत बसलो.

बराच वेळ काही झालं नाही. मी चहा सांगणार, तेवढ्यात पडद्यावरचा सेकंदकाटा थांबला. भिंतीवरचा चालूच होता.

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निकम धावत आले. “पास झाली?”

“फेल झाली, साहेब!” निलोफर जवळजवळ ओरडलीच.

“मग टाळ्या कसल्या वाजवताय?”

जो बिघाड आपल्याला हवा तेव्हा घडवता येतो, तो दुरुस्त करता येतो. केबल उभी चिरली तेव्हा आत फॉइलला तडा गेलेला होता. तारा ठणठणीत होत्या, म्हणून मीटर आम्हाला फसवत होतं.

निकम म्हणाले, क्लिप काढा, झालं. क्लिप काढली. केबल जास्त टिकली, पण शेवटी वाकलेल्या जागी फॉइल चिरलीच. आमची फॉइल तारांवर लांबीच्या दिशेने गुंडाळलेली होती, विडीच्या पानासारखी. मी सुचवलं की ती बँडेजसारखी फिरवून गुंडाळू, म्हणजे वाकेल. वाकली. मस्त टिकली. पण बँडेजचा प्रत्येक वेढा ठरावीक अंतरावर येतो, आणि तेवढ्यानेसुद्धा एका विशिष्ट वेगाचा सिग्नल गळून पडतो. चित्र नेमकं तिथेच फाटायला लागलं. टिकाऊ होती, पण वेगाला नालायक. माझी कल्पना तिथेच संपली.

पुढची निलोफरची. आमच्या कारखान्यात वेल्डिंगचा रोबो आहे. त्याचा हात दिवसभर फिरतो, पण हातातली केबल तुटत नाही, कारण ती सांध्याच्या मधोमध, आसावरून जाते. तिथे तिला वाकावं लागत नाही, फक्त पीळ बसतो.

“सर, आपण तिला वाकवतोय कशाला? पिळू या.”

कागद एकाच घडीवर पुन्हापुन्हा दुमडला तर तिथेच फाटतो. पंचा पिळला तर पीळ सगळ्या लांबीवर वाटला जातो. तिने केबल बिजागरीच्या आसाला समांतर फिरवून घेतली. दरवाजा कितीही उघडा ठेवला तरी एका जागी घडी पडेना. फॉइल पुन्हा लांबीच्या दिशेने घेतली, म्हणजे वेग परत आला. आणि फॉइल व जाळी यांच्यामध्ये एक गुळगुळीत फिल्म घातली. आता दोन्ही एकमेकींवर घासण्याऐवजी सरकू लागल्या.

पुन्हा शेकर, पुन्हा ते घड्याळ. जुनी केबल जिथे मेली होती तो टप्पा कधीच मागे पडला. गाडी कंपनीने ठरवून दिलेली मर्यादाही ओलांडली. निकम येता-जाता पडद्यात डोकावत. “चालतोय का काटा?” “चालतोय.” शेवटी आवाज आला फट्! आम्ही दचकलो. बिराची दोरी झिजून तुटली होती. पडद्यावरचा काटा मात्र ऐटीत फिरत होता. निकमांनी निलोफरला नवी दोरी आणायला सांगितलं नाही. पेढे आणायला ते स्वतः गेले.

केबल पास झाली. काम साताऱ्यातच राहिलं. ही टेस्ट आता त्या गाडी कंपनीच्या नियमात आहे. तिचं नाव लांबलचक आहे, पण सगळे तिला गोट टेस्ट म्हणतात.

नवी केबल घेऊन आम्ही बिराकडे गेलो. ती बसवल्यावर आप्पा मुद्दाम काठी टेकत गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले.

“दिसतुय का रं?”

“दिसताय की! जरा हसा, फोटूवानी दिसताय!” बिरा आतून ओरडला. सगळं अंगण हसलं.

निघताना त्याने मला बाजूला घेतलं. “सायेब, त्या कागदातनं शेळ्यांचं नाव काढलंसा न्हवं?”

“काढतो,” मी म्हणालो.

काढलं नाही. नव्या टेस्टचा रिपोर्ट गेला, पण शेळ्यांचा जुना रिपोर्ट फाइलमध्ये तसाच राहिला. पुढे या केबलबद्दल माझा सत्कार झाला. निवेदकाने शेळ्यांची गोष्ट रंगवून सांगितली, सभागृह हसलं. निलोफर समोर बसली होती. मी शाल घेतली, हार घेतला, आणि माइक हातात असूनही गप्प बसलो. ती टाळ्या वाजवत होती. ते मला अजून आठवतं.

म्हणून आता लिहितो. केबल निलोफर मुजावर यांनी डिझाइन केली. माझा हातभार म्हणजे एक चुकीचा रिपोर्ट आणि एक फसलेली कल्पना. बिरा मेटकरींच्या शेळ्या निर्दोष आहेत आणि मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तरुण इंजिनियरांना एवढंच सांगेन. तुमची वस्तू फेल झाली तर ती वापरणाऱ्या माणसाकडे जाऊन या. आटपाडीला साताऱ्याहून एसटीनेही जाता येतं.

हे छापून आलं की एक प्रत बिराला नेऊन देणार आहे. गावात मोठ्याने वाचून दाखवीन म्हणतो. आप्पांच्या ओसरीवर, दावणीसमोर.