खिरीतली ओंजळभर ज्वारी

जळकोटच्या बसम्माकाकू गव्हाची खीर करायच्या. तिला त्या हुग्गी म्हणत. गहू चुलीवर शिजत असताना मधेच कधीतरी त्या उखळात सडून कोंडा काढलेली ओंजळभर ज्वारी त्यात सोडायच्या. दाताखाली येणारा तो दाणा आम्हा शेजारच्या मुलांना नेमका ओळखू यायचा.

ही रीत बहात्तरच्या दुष्काळातली. त्या साली घरात गहू मूठभरच होते. काकूंनी येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, चुकवली नाही. ज्वारी सडली, गूळ घातला आणि सण साजरा केला. पुढे विहिरीला पाणी आले, गहू पिकले, तरी ज्वारी खिरीत राहिली. माझ्या आईने एकदा विचारले, "आता कशाला गं, अक्का?"

"वाईट दिसात हिनंच पोटाला धरलं," काकू पळी न थांबवता म्हणाल्या. "आता गहू आले म्हून हिला पंगतीतून उठवू व्हय?"

लातूर वेगळा जिल्हा झाला. काकूंचा मुलगा तिथल्या नव्या कचेरीत कारकून होता. त्याने साहेबांना जेवायला बोलावले आणि खिरीसाठी आईला नेले. सोबत आम्हीही होतो. काकूंनी ज्वारी वाटीत काढून ठेवली होती. सूनबाई महादेवीने ती गच्चीवर नेऊन चिमण्यांना टाकली.

"आत्याबाई, साहेबलोक यायलेत. खिरीत ज्वारी बघून हसतील."

काकूंनी गच्चीकडे पाहिले. "खाऊ दे. त्याबी दुष्काळातल्याच हायेत."

खिरीचे कौतुक झाले. साहेबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली. काकूंनी पानावरची खीर संपवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या जळकोटला परतल्या. लातूरला त्यांनी पुन्हा खीर केली नाही. पुढे महादेवीने कृती विचारली, तर म्हणायच्या, "तोंडानं सांगून येत न्हाई बाई. येळवशीला ये, चुलीपाशी बैस." दरवर्षी काहीतरी निघायचे, महादेवीचे येणे राहून जायचे.

काकू गेल्या. त्यानंतरच्या येळवशीला महादेवी जळकोटला आली. त्याच चुलीवर तिने गहू चढवले आणि माझ्या आईला हाक मारून बोलावले. तिच्या ओंजळीत सडलेली ज्वारी होती.

"मावशी, ही कधी सोडायची? गुळाच्या आधी ना? पण किती आधी?"

आई पातेल्याजवळ उभी राहिली. इतकी वर्षे तिने ती खीर खाल्ली होती.

"मला न्हाई ठावं गं," ती म्हणाली.

महादेवी ओंजळ तशीच धरून बसली. गहू शिजत राहिले.