मुलीकडचा माणूस

दोन हजार साल जवळ आलं तशी अमेरिकेतल्या कॉम्प्युटरवाल्यांची झोप उडाली. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले. साल बदललं की सगळे हिशेब शंभर वर्षं मागे जातील, अशी त्यांना भीती. ते दुरुस्त करायला तिकडची माणसं पुरेनात, म्हणून आमच्यासारखी पोरं हवी होती. मी तेव्हा जळगावात एका दाल मिलच्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहीत होतो. पुण्याच्या एका कंपनीने माझी मुलाखत घेतली, तीही लॉजच्या खोलीत, पलंगावर बसवून. पास झालात म्हणाले. आनंद व्हायच्या आधी मला शंका आली.

मी मुळातच संशयी. मूळ सर्टिफिकेटं ठेवून कशाला घेता, काम नक्की कुणाकडे करायचं ते आत्ताच का सांगत नाही, असं मी विचारत राहिलो. त्यामुळे त्यांना मीच खोटा वाटू लागलो. चोराच्या मनात चांदणं, असं ते माझ्याबद्दल म्हणत असतील आणि मी त्यांच्याबद्दल. क्लासला जेमतेम हजेरी लावून वर्षानुवर्षांचा अनुभव दाखवणारी पोरं तेव्हा ढिगाने होती, म्हणून ते प्रत्येकाची चौकशी करत. मिलच्या मालकाला मात्र विचारू नका, असं मी बजावलं होतं. त्याला कळलं असतं तर हातातली नोकरीही गेली असती. एवढा संशय घेऊनही मला जायचं होतं, फार जायचं होतं. तूर-हरभऱ्याच्या पोत्यांचे रिपोर्ट छापत म्हातारं होण्याचा विचार मला सहन होत नव्हता.

घरी आबा, म्हणजे माझे वडील, आणि मी एवढेच. मी एकुलता एक. रावेरला आमची केळीची बाग होती, आबा तिथे जाऊन-येऊन असत. अमेरिकेचा विषय काढला की ते म्हणायचे, "तुहं तू पाह्य." यापुढे गाडी जात नसे.

पुण्याहून निरोप येईना म्हणून एके दिवशी मी एसटीडी बूथवरून फोन लावला. पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की आमचा माणूस तुमच्या घराकडे, पिंप्राळ्यात येऊन गेला. तुम्ही मिलमध्ये नोकर नसून भागीदार आहात आणि परदेशात जायचा तुमचा विचारच नाही, अशी माहिती मिळाली. तुमचं नाव काढून टाकलं आहे. मी समजावू लागलो तर फोन ठेवला गेला.

तिथून तडक कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. दुकानदार नाना मूळचे शिंदखेड्याचे, अहिराणीतच बोलायचे. चौकशीला आलेला कुणीही आधी त्यांच्याकडेच येणार, हे मला ठाऊक होतं. मला बघताच ते हसले.

"तुना लगीनना माणूस येल व्हता. पोऱ्या काय करस, कधीपासून करस, दारू पेस का, बठ्ठं इचारं त्यानी. मी सांगं, मिलमा भागी शे. अमेरिकाबिमेरिका काही नही, एकुलता एक पोऱ्या शे, कोठेच जाव्हाव नही. लगीन जमी गयं समज."

आमच्याकडे अनोळखी माणूस असं विचारत आला की तो मुलीकडचाच. पोरगी द्यायच्या आधी तिचा बाप कुणाला तरी गुपचूप पाठवतो आणि गल्लीने पोराचं चांगलंच सांगायचं असतं, दोन शेर जास्तच. त्याने परदेशाचं विचारताच, जावई तिकडे पळाला तर पोरीचं काय, ही बापाची भीती ओळखून नानांनी तीही मिटवली होती. त्यांच्यावर चिडायची सोय नव्हती. मी विचारलं, तो आमच्या घरी गेला होता का? नाना म्हणाले, गया व्हता ना, आबा व्हतात घरमा.

घरी आबा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी म्हणालो, "आबा, तो मुलीकडचा नव्हता. कंपनीचा माणूस होता."

"मले ठाऊक होतं," आबा म्हणाले. "मुलीकडचा मानूस पह्यले वावर किती एकर ते इचारतो. यानं वावराचं नावबी काढलं नही."

"मग तुम्ही काय सांगितलं त्याला?"

"नानानं सांगलं तेच."

मला भयंकर राग आला. पुण्याच्या लोकांवर, त्यांच्या कागदांवर, लॉजच्या त्या पलंगावरसुद्धा मी संशय घेतला होता. आबांवर घ्यायचं कधी मनातही आलं नव्हतं. शेवटी एवढंच विचारलं, की का?

आबांनी हातातली शेंग खाली ठेवली. "पोरगी देताना बाप त्या गावात जाऊन चार घरी इचारतो, मानसं कशी हायेत म्हनून. तुले देताना मी कोनाले इचारू?"

तो राग माझा अजून गेलेला नाही. पण त्या माणसांची खात्री आबांना द्यायची, तर ती आधी मला असायला हवी होती.