एकाच छातीचे दोन फोटो

छावणीतल्या एक्स-रेबाईंना माणसं चेहऱ्याने लक्षात राहत नसत, छातीने राहत. लग्नात तू माझं तोंड पाहिलंस की फासळ्या, असं नवरा विचारी आणि त्या प्रामाणिकपणे विचारात पडत. देशात आसरा मागायला आलेल्या प्रत्येकाला आधी त्यांच्या खोलीतून जावं लागे. शर्ट काढा, हनुवटी वर, श्वास धरा, सोडा. तपासणी सक्तीची होती. सक्ती असावी की नसावी यावर शहरातले लोक हिरिरीने भांडत. त्यांतल्या कुणालाच शर्ट काढायचा नव्हता. बाईंना विचाराल तर असावी. शेकडो माणसं एका छपराखाली झोपतात, एकाचा क्षय चौघांना लागायला कितीसा वेळ? घरी सासूबाई त्यांना कपडे बदलल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसत. तेही त्यांना पटे.

त्या दिवशी सकाळचे फोटो डॉक्टरांकडे धाडण्याआधी पडद्यावर चाळताना त्यांचा हात थांबला. डाव्या बाजूचं गळ्याखालचं हाड, कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं. तेच हाड, तसंच वाकडं, पुढच्या फोटोतही. फोटो दोघा सख्ख्या भावांच्या नावावर होते, पण मोडलेली हाडं काही वारशाने येत नाहीत. थोरलाच दोनदा आत येऊन गेला होता, दुसऱ्यांदा धाकट्याचा स्वेटर घालून, आणि बाईंनी दोन्ही वेळा त्याला सारख्याच आपुलकीने श्वास धरायला सांगितलं होतं.

म्हणजे धाकट्याच्या छातीत काहीतरी होतं, आणि ते भावांना ठाऊक होतं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वर कळवावं, तर दोघांच्याही अर्जावर खोटेपणाचा शेरा. न कळवावं, तर तो खोकला रात्रभर सगळ्यांच्या उशाशी. बाईंनी जेवणाचा डबा उघडला तसाच बंद केला. शेवटी त्यांनी खोटेपणावर खोटेपणाचाच उतारा काढला. यंत्र बिघडलं होतं, दोघांना पुन्हा बोलाव, असं दुभाष्याला सांगितलं.

थोरला आला तो धाकट्याला पाठीशी घालूनच. यंत्र धडधाकट आहे हे त्याने बाईंच्या तोंडावरून ओळखलं. थापा मारायचा त्यांना सराव नव्हता, त्याला होता. धाकट्याने शर्ट काढला. फोटो आला. फुफ्फुसात वरच्या अंगाला पांढुरका डाग, डॉक्टरांची वाट बघायला नको इतका ठळक.

थोरला हळूच काहीतरी बोलला. दुभाष्या म्हणाला, "ताई, तो विचारतोय, याला आता परत धाडतील का?"

नाही, औषध देतील, हे उत्तर बाईंनी आजवर इतक्या जणांना दिलं होतं, की ते खरं आहे का हे तपासायचं राहूनच गेलं होतं. थांबा म्हणाल्या आणि जिना चढून अधिकाऱ्यांच्या खोलीत गेल्या.

अधिकारी सज्जन होते. आजारामुळे अर्ज फेटाळला जात नाही, हा नियम त्यांनी सावकाश वाचून दाखवला.

"ते मलाही पाठ आहे, साहेब. पण प्रत्यक्षात होतं काय?"

साहेबांनी चष्मा पुसला. तो विभाग वेगळा, म्हणाले. तुम्ही फोटो काढा ना, छान काढता.

खाली थोरला दारातच उभा होता, मागे रांग. दुसरी थाप पहिलीपेक्षा सोपी गेली असती.

"औषध मिळेल, ते नक्की," बाई म्हणाल्या. "नेमाने घेतलं तर बराही होईल. पुढचं मला माहीत नाही. वर विचारून आले, त्यांनाही माहीत नाही."

दुभाष्याचा आवाज मुळातच खणखणीत. शेवटच्या माणसापर्यंत सगळं पोचलं. थोरल्याने भावाच्या अंगावर स्वेटर टाकला आणि त्याला दंडाला धरून दवाखान्याकडे नेलं. रांगेतले दोघे मात्र पिशव्या उचलून मुकाट्याने फाटकाकडे निघाले. त्यांतल्या एकाने तोंडावर रुमाल दाबला होता.

"जा, आण त्यांना," बाई दुभाष्याला म्हणाल्या.

"काय सांगू? सक्तीचं आहे म्हणू?"

"नको रे बाबा. औषध आहे म्हण. तेवढंच म्हण."

दुभाष्या पळाला. रांगेतली पुढची बाई बटणांवर हात ठेवून उभी होती. ती काढत नव्हती, लावतही नव्हती. तीही फाटकाकडेच बघत होती.