आई एक, आई दोन

माझ्या नाकावर राग असतो हे भिलाईतल्या आमच्या हॉस्पिटलात शिपायापासून सर्जनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. रागावले नसते तर आमची पॅथॉलॉजी लॅब सुधारलीच नसती. मी प्रमुख झाले तेव्हा तिथं रक्तातल्या पेशी मोजायचं एक म्हातारं मशीन होतं, दोन मायक्रोस्कोप होते आणि एक फ्रिज होता. त्या फ्रिजमध्ये तपासणीच्या रसायनांशेजारी कोणाचा तरी जेवणाचा डबा असायचा. पहिल्याच दिवशी मी तो डबा बाहेर काढून टेबलावर आपटला. ज्याचा होता त्यानं महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू दे, म्हटलं.

मी इथलीच. वडील भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून इथल्या स्टील प्लांटमध्ये कामाला आले, आणि मी नागपूरला डॉक्टर होऊन परत भिलाईतच आले. लोक म्हणायचे, कावून परत आली बापा ही? तर यासाठी. मला एक लॅब अशी करून दाखवायची होती की तिच्या रिपोर्टवर डोळे झाकून विश्वास ठेवावा, आणि तो रिपोर्ट घेऊन रायपूर-नागपूरला गेलेल्या माणसाला तिथं कोणी "परत करून आणा" म्हणू नये.

नव्या मशीनसाठी मी दीड वर्ष भांडले. कागद पाठवले, परत आले, परत पाठवले. व्यवस्थापक साहेब मला पाहिलं की फोन कानाला लावायचे. शेवटी मशीन आलं. रोज सकाळी त्याला आधी उत्तर माहीत असलेलं रक्त द्यायचं, उत्तर बरोबर आलं तरच रुग्णांचे नमुने लावायचे, असा नियम मी केला. पोरं त्याला "मशीनची आरती" म्हणायची. म्हणा काय म्हणायचं ते, पण आरती झाल्याशिवाय एक नळी लावायची नाही.

खरी लढाई मात्र मशीनची नव्हतीच. ती होती घर-रजिस्टरची, आणि ते रजिस्टर होतं काकांचं.

काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन. गोंदियाकडचे, राहायला दुर्गला. माझ्या वडिलांना ओळखत, म्हणून मी त्यांना काका म्हणायची. ते मला चार लोकांत मॅडम म्हणायचे आणि खोलीत बाई. त्यांच्या हाताला काय गुण होता! लहान लेकराची शीर ते अशी शोधायचे की लेकरू रडायचं विसरून जायचं.

आमच्याकडे पहिल्यापासून एका घराला एकच नंबर असायचा. प्लांटमध्ये नोकरी करणाऱ्याच्या नावानं घराची फाईल, आणि बाकीच्यांची त्यात फक्त नाती: पत्नी, मुलगा, आई. नळीवरही तेच, घराचा नंबर आणि नातं. काकांना शेकडो घरं तोंडपाठ होती. कोणाच्या आईला शुगर, कोणाच्या बायकोचं रक्त कमी, सगळं. मी म्हटलं, आता माणसाला नंबर द्यायचा, घराला नाही. प्रत्येकाचा वेगळा बारकोड.

"बाई, माणूस ओळखाले स्टिकर लागते का?" ते म्हणाले.

"लागतं, काका."

"तीस वर्षं झाले मले. एक नळी इकडची तिकडं नाही झाली."

मी तेव्हा चिडून काहीतरी बोलले. काय ते आता आठवत नाही, पण चांगलं नव्हतं. शेवटी असं ठरलं की पहिले काही आठवडे सकाळच्या गर्दीचं काम जुन्या पद्धतीनं, जुन्याच मशीनवर चालेल आणि दुपारचं नव्या. ही सवलत मी दिली. ती द्यायला नको होती.

त्याच आठवड्यांत एका सकाळी स्मृति नगरातला एक मुलगा दोन म्हाताऱ्यांना घेऊन आला. मुलगा म्हणजे चाळिशीचा, प्लांटमध्ये कामाला. एक त्याची आई, दुसरी त्याची सासू. सासरे वारल्यापासून सासू त्यांच्याचकडे होती. दोघींना थकवा होता, वय झालंय, एकदा सगळं तपासून घ्या, एवढंच. काकांनी नाती विचारली तर तो म्हणाला, "दोघी आईच लिहा काका, मी तसंच म्हणतो." काकांना ते फार आवडलं. त्यांनी लिहिलं: आई एक, म्हणजे जन्म देणारी. आई दोन, म्हणजे सासू. नळ्यांवरही आधीच एक आणि दोन लिहून ठेवलं.

मग काकांनी आई एकला खुर्चीवर बोलावलं, तर ती उठेचना. "पहिले आमच्या ईनबाईचं घ्या," ती म्हणाली. "पाहुण्या आहेत त्या. त्यायचा मान पहिला." विहीणबाई नको नको म्हणत होत्या, हिनं त्यांना ढकलून खुर्चीवर बसवलं. सगळे हसले. काकांनी पहिली, म्हणजे एक लिहिलेली नळी घेतली आणि विहिणीचं रक्त काढलं. मग दुसरी घेऊन आईचं.

हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मला दिसली ती फक्त रक्ताचा थेंब पसरलेली काच. आई दोनच्या नळीत पांढऱ्या पेशी भयंकर वाढलेल्या होत्या, आणि मायक्रोस्कोपखाली कच्च्या पेशींची नुसती रांग. रक्ताचा कॅन्सर, पण त्यातल्या त्यात समजूतदार जातीचा. वेळेवर सापडला आणि रोजची गोळी चालू झाली तर माणूस वर्षानुवर्षं आपलं घरदार सांभाळत जगतो. नाही सापडला तर एक दिवस तो असा उसळतो की मग कोणाच्या हाती काही राहत नाही. मी रिपोर्टवर सही केली. डॉक्टरांनी मुलाला बोलावून सांगितलं: सासूबाईंना बहुधा हे आहे, पक्कं करायला पुन्हा रक्त द्या.

चार दिवसांनी विहीणबाई आल्या, दुपारच्या वेळी, म्हणजे नव्या पद्धतीनं, बारकोड लावून. नव्या मशीननं आकडा दिला: नॉर्मल. अगदी माझ्या-तुमच्यासारखा.

काका मशीनपुढे उभे राहिले आणि अख्ख्या लॅबला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहा! एवढ्या पेशी चार दिवसांत कुठं गेल्या? हे आहे तुमचं नवं मशीन!" दोन पोरं तोंडावर हात ठेवून हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली.  कपाटातून जुन्या काचा काढल्या आणि बसले. चार दिवसांपूर्वीची काच खरी होती, त्यात शंकाच नव्हती. आजची काचही खरी होती. आई एकची जुनी काच लावली, ती तर आजच्या काचेसारखी निर्मळ.

"काका, रक्त कोणाचं आधी काढलं?" मी विचारलं.

ते बोलायला लागले आणि मध्येच थांबले. "ईनबाईचं," ते म्हणाले. "मानासाठी." आणि स्टुलावर बसले. त्या माणसाला इतकं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मशीन जिंकलं होतं, मी जिंकले होते, आणि मला जरासुद्धा आनंद झाला नाही.

आजारी होती ती आई एक. तिच्या हातात "सगळं ठीक" असा माझ्या सहीचा कागद होता.

मी व्यवस्थापक साहेबांकडे गेले. पुढच्या आठवड्यात लॅबला दर्जाचं मानांकन देणारे तपासणीला यायचे होते, ज्याच्यासाठी मी तीन वर्षं जीव काढला होता. साहेब म्हणाले, "मैडम, इन्स्पेक्शन हो जाने दो. सासूला सांगा जुनं मशीन खराब होतं, तुम्ही ठीक आहात. आईला रूटीन म्हणून बोलवून घ्या. बात खतम."

"आणि ती आलीच नाही तर? तिला वाटतंय तिला काही नाही. ती कशाला येईल?"

"येईल हो आरामात."

"आरामात?" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "जुनं मशीन म्हातारं होतं, खोटारडं नव्हतं. त्याच्या माथी मी माझं पाप मारणार नाही. मी आत्ता त्यांच्या घरी जातेय. मानांकन गेलं खड्ड्यात!"

खाली आले तर काका दारात उभे. पांढरा कोट काढून हातावर घेतलेला. "मी येतो बाई. माह्या हातानं झालं," ते म्हणाले. मी म्हटलं, सही माझी आहे. ते म्हणाले, तरी येतो. सुपेल्याच्या बाजारातल्या गर्दीतून गाडी काढत आम्ही स्मृति नगरात पोचलो.

चार वाजले असतील. मुलगा पहिल्या पाळीवरून आलेला होता. समोरच्या खोलीत दिवाणावर विहीणबाई निजलेल्या, पांघरूण गळ्यापर्यंत. आणि त्यांच्या उशाशी आई एक, वाटीत भाताची पेज घेऊन, चमच्यानं भरवून राहिली होती. चार दिवस तिनं विहिणीला पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नव्हता, हे सुनेनं आम्हाला कौतुकानं सांगितलं.

मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. नळ्यांची अदलाबदल झाली, चूक आमच्या लॅबची, रिपोर्टवर सही माझी. विहीणबाईंना काहीही झालेलं नाही.

सून रडत आपल्या आईच्या, विहीणबाईंच्या गळ्यात पडली. मुलगा आधी हसला आणि मग भडकला. "चार दिवसांपासून या घरात कोणी धड जेवलं नाही मॅडम! अन् तुम्ही आता येऊन सांगून राहिल्या चूक झाली?"

"हो," मी म्हटलं. "बोला तुम्ही. तुमचा हक्क आहे."

तो बोलला. भरपूर बोलला. मी कोणाचं ऐकून घेणारी नाही, पण त्या दिवशी सगळं ऐकून घेतलं. त्या गलक्यात आई एकनं वाटी खाली ठेवली, देवाला हात जोडले, आणि मग तिनंच विचारलं. बाकी कोणाला ते सुचलंच नव्हतं.

"मग ते खराब रक्त कोनाचं होतं?"

मी तोंड उघडलं, पण काका पुढे झाले. तिच्या नवऱ्याला ते ओळखत, म्हणून तिला वहिनी म्हणायचे. "वहिनी," ते म्हणाले, "ते तुमचं."

मुलगा आईजवळ आला. ती डाव्या कुशीवर हात ठेवून म्हणाली, "तरीच. इथं जड जड लागून राहिलं होतं दोन महिन्यांपासून. म्हटलं गॅस असन."

मी घाईघाईनं गोळीचं सांगितलं, वेळेवर सापडल्याचं सांगितलं, नागपूरच्या डॉक्टरांशी आजच बोलते म्हटलं. कोणी ऐकत होतं की नाही कोण जाणे. तेवढ्यात विहीणबाईंनी पांघरूण बाजूला केलं आणि उठल्या. चादर झटकली, उशी उलटी केली, आई एकचा दंड धरला आणि तिला दिवाणावर बसवलं.

"पडा आता," त्या म्हणाल्या. "आन् बोलू नका. तुमाले माह्या मानाची मोठी हौस ना! आता माह्या हातचं खा." आणि तीच वाटी उचलली.

परत येताना काका गाडीत हमसून हमसून रडले. मीही रडले, सांगायला काय लाज आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर-रजिस्टर काकांनीच बंद केलं. मी सांगितलं नव्हतं. रक्त काढायचे नवे नियमही त्यांनीच मराठीत आणि हिंदीत लिहिले. आधी नळीवर काही लिहायचं नाही. "तुम्ही अमक्या का?" असं विचारायचं नाही, कारण लोक कशालाही हो म्हणतात. रुग्णानं स्वतः पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगायची, आणि स्टिकर त्याच्या डोळ्यांसमोर लावायचा. पोरांनी हसायची हिंमत केली नाही.

तपासणीवाले आले तेव्हा ही सगळी हकीकत मी फाईलच्या पहिल्या पानावर लावली. साहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. तपासणीवाल्या बाईंनी ते पान वाचलं, परत वाचलं, मग काकांना बोलावून तासभर त्यांच्याशीच बोलल्या. मानांकन मिळालं. ते प्रमाणपत्र भिंतीवर आहे, आणि मी येताजाता त्याकडे पाहते. का पाहू नये? आमच्या घामाचं आहे ते.

आई एकची गोळी चालू झाली. ती दर थोड्या महिन्यांनी तपासणीला यायची, आणि दर वेळी काकांकडूनच रक्त काढून घ्यायची. बाकी कोणी सुई घेऊन आलं की म्हणायची, "तू नको बापा, त्यायले बोलव." काका निवृत्त व्हायच्या महिन्यातही आली. मी तेव्हा तिथंच उभी होते.

"वहिनी, पूर्ण नाव अन् जन्मतारीख सांगा," काका म्हणाले.

"अजून नाही का ओळखत तुम्ही मले?"

"ओळखतो. तरी सांगा."

तिनं हसत सांगितलं. काकांनी रक्त काढलं, स्टिकर लावला, तिला दाखवला.

दुपारी काच मी स्वतः पाहिली. स्वच्छ होती. पेशी सगळ्या जागच्या जागी, आकडा नॉर्मल. सही केली आणि कागद काकांच्या हातात दिला. त्यांनी तो बाहेर बाकावर बसलेल्या तिला नेऊन दिला, काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. तिनं कागद उलटा सुलटा करून पाहिला.

"चांगलं आहे म्हणता," ती म्हणाली. "पण हे माहंच आहे ना, भाऊ?"

काकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "तुमचंच आहे, वहिनी," ते म्हणाले.