क्रशरच्या पॅनेलची चावी

नोकरीतल्या बऱ्याच केसेस विसरलो, पण वडप्यापुढच्या खडी क्रशरची ती केस काही केल्या डोक्यातून जात नाही. चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो.

सकाळी पोलीस ठाण्यात क्रशरच्या सुपरवायझरचा फोन आला. मशीनच्या जबड्यात दगड अडकला होता. तो पहारीने मोकळा करायला एक कामगार आत उतरला आणि मशीन सुरू झालं. आम्ही पोचेपर्यंत तो गेला होता. नदीची वाळू मिळेनाशी झाल्यापासून दगड दळून केलेल्या वाळूसाठी डंपरची रांग लागायची. ती तशीच उभी होती. सुपरवायझरने मला बाजूला घेतलं. "साहेब, ऑपरेटरनेच चालू केलं. दोघांचं सकाळीच वाजलं होतं."

ऑपरेटर म्हणजे मयताचा सख्खा मेहुणा. त्याला ठाण्यात आणलं, दोन कानाखाली ठेवूनही दिल्या. तो एकच बोलत राहिला, "मी हात लावला न्हाय साहेब. मी पाणी प्यायला गेलतो. चावी दाजींकडं होती." मशीन चालू करायच्या पॅनेललाच चावी लागलेली मी स्वतः पाहिली होती. म्हटलं, थापा मारतोय. सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं, आणि हॉस्पिटलच्या दारात त्याच्या बहिणीला, म्हणजे मयताच्या बायकोला, सांगूनही टाकलं, "बाई, तुमच्या भावानेच मशीन चालू केलं." काय गरज होती मला?

तो तुरुंगात असताना दुसऱ्या एका क्रशरवर डंपरच्या अपघाताच्या चौकशीला गेलो. तिथला एक म्हातारा कामगार जबड्यात उतरण्याआधी पॅनेलची चावी काढून खिशात घालत होता. विचारलं तर हसला. "उतरणाऱ्याच्या खिशात चावी, ही रीतच हाय साहेब. आपला जीव दुसऱ्याच्या हाती कोण देतो?"

तसाच ठाण्यात परतलो. मयताच्या कपड्यांचा पंचनामा मीच लिहिला होता. पँटच्या खिशात एक चावी. घराची समजून मी मोकळा झालो होतो! मुद्देमालातून ती काढली, पंचांसमोर पॅनेलला लावली. फिरली. मग पहिल्या दिवशी पॅनेलला होती ती कुणाची? सुपरवायझर दहा मिनिटांत ढासळला. "डुप्लिकेट माझ्याकडे होती. डंपरवाले बोंबलत होते साहेब. वाटलं, तो वर आला असेल."

ऑपरेटरला सोडवण्याचा अहवाल मीच कोर्टात दिला. खबर देणाऱ्याला आधी तपासावं, आणि तपास पुरा होईस्तोवर घरच्यांपुढे तोंड आवरावं, हे पुढे प्रत्येक नव्या अंमलदाराला मी बजावत आलो. पण त्याचा त्या घराला काय उपयोग?

सुटल्यावर तो माझ्याकडे आला. पार वाळला होता. "ताई दारात उभी करत न्हाय साहेब. तुम्हीच सांगा तिला."

त्याला घेऊन गेलो. चावीपासून सुपरवायझरपर्यंत सगळं सांगितलं, हात जोडून माफी मागितली. बाईने उंबऱ्यातच उभं राहून शांतपणे ऐकून घेतलं.

"तेव्हा पण तुम्हीच सांगितलं होतं ना, साहेब?" ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. तिचा भाऊ माझ्या मागेच उभा होता.